शेवटच्या चौकटीनंतर

चित्रपटाचा शेवट मनात राहतो तो कथा पूर्ण झाल्यामुळे, की काहीतरी अपुरे राहिल्यामुळे? चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'पासून नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'पर्यंतच्या काही अविस्मरणीय शेवटांची ही उकल. (हे चित्रपट ज्यांनी अद्याप पाहिलेले नाहीत, त्यांना आधीच सांगायला हवे की लेखात त्यांचे शेवट उघड केलेले आहेत.)

जुन्या मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या शेवटी पडद्यावर 'समाप्त'ची पाटी येत असे. ती येण्याआधीच निम्मे प्रेक्षक उठून दाराकडे वळलेले असत. नायक-नायिकेचे मीलन झाले, खलनायकाच्या हाती बेड्या पडल्या, जत्रेत हरवलेले भाऊ एकमेकांना कडकडून भेटले, की यापुढे पाहण्यासारखे काही नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेले असे. याउलट काही चित्रपट असे असतात, की प्रेक्षागृहातले दिवे लागले तरी माणसे क्षणभर खुर्चीतून हलत नाहीत. पडद्यावर आता काहीच नसते. तरीही काहीतरी चालू असते.

हा फरक कशामुळे पडतो? धक्कातंत्र हे त्याचे सोपे उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे. खुनी कोण हे अखेरच्या रिळात कळले म्हणजे धक्का बसतो. परंतु तो एकदाच बसतो. दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना त्याची धार बोथट झालेली असते. येथे ज्या शेवटांचा विचार करायचा आहे, ते दहा वेळा पाहूनही शिळे होत नाहीत. याचे कारण असे, की चांगल्या चित्रपटात एकाच वेळी दोन प्रश्न वाहत असतात. एक कथेचा: हरवलेली वस्तू सापडेल का, पळून गेलेला मुलगा पकडला जाईल का, आरोपी सुटेल का? दुसरा प्रश्न त्याच्या तळाशी असतो आणि तो माणसाविषयीचा असतो. सामान्य शेवट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसऱ्यावर पडदा टाकतो. सामर्थ्यशाली शेवट पहिला प्रश्न मार्गी लावतो, कधी तो चक्क सोडून देतो, आणि दुसरा प्रश्न प्रेक्षकाच्या स्वाधीन करून निघून जातो.

डोळ्यांना न दिसलेले

१९३१ च्या जानेवारीत 'सिटी लाइट्स' प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेत बोलपटाचे युग सुरू होऊन तीन वर्षे उलटली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे मुंबईत 'आलम आरा' झळकला. तरीही चार्ली चॅप्लिनने आपला चित्रपट मूकच ठेवला. संगीत आणि काही ध्वनी तेवढे त्यास जोडले. त्याचा शेवट पाहिला की या हट्टाचे मर्म ध्यानात येते.

कथा साधी आहे. फुले विकणारी एक आंधळी मुलगी रस्त्यावरच्या एका भणंगाला श्रीमंत गृहस्थ समजून बसते. मोटारीचे दार बंद झाल्याचा आवाज तिने ऐकलेला असतो, आणि तेवढ्यावरून तिने एक माणूस मनात उभा केलेला असतो. हा भणंग खटपटी-लटपटी करून तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी पैसे मिळवतो, ते तिच्या हाती देतो आणि चोरीच्या खोट्या आळापायी तुरुंगात जातो. सुटून येतो तो पूर्वीपेक्षाही फाटका. मुलीला आता दृष्टी आलेली आहे, तिचे स्वतःचे फुलांचे दुकान आहे. काचेपलीकडून तिला एक हास्यास्पद भिकारी दिसतो, ती हसते. दया येऊन त्याला एक फूल आणि एक नाणे देऊ करते. नाणे देताना त्याचा हात तिच्या हातात येतो, आणि तिची बोटे थबकतात.

कथेचा प्रश्न होता, मुलीला दिसू लागेल का? त्याचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. परंतु ज्या डोळ्यांसाठी त्याने तुरुंगवास पत्करला, ते डोळे त्याला ओळखू शकले नाहीत. ओळखले ते स्पर्शाने. आता तिला दिसते आहे, आणि जे दिसते आहे ते तिने कल्पिले होते त्यापेक्षा सर्वस्वी वेगळे आहे. मग ती त्याचा स्वीकार करील का? तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आहे, की निराशा, की दोन्ही? चॅप्लिनचा भणंग हातातले फूल तोंडाशी धरून लाजरे, भ्यालेले हसतो, आणि चित्र काळोखात विरून जाते. आणखी दोन मिनिटे चित्रपट चालता, तर एकतर लग्न झाले असते किंवा ताटातूट. दोन्हींपैकी काहीही झाले असते, तरी ते हास्य आपण विसरलो असतो.

बापाचा हात

व्हित्तोरिओ द सिकाच्या 'बायसिकल थीव्ज' (१९४८) या इटालियन चित्रपटात कथेचा प्रश्न तर अनुत्तरितच राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतरचे रोम, बेकारी, आणि भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची मोठ्या मुश्किलीने मिळालेली नोकरी. नोकरीसाठी सायकल हवी, म्हणून अंतोनिओची बायको घरातल्या चादरी गहाण टाकून आधी गहाण पडलेली सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो यांनी रविवारभर शहर पालथे घातले तरी ती सापडत नाही. बापाची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जिओरानी हा व्यावसायिक नट नव्हता. तो कारखान्यातला कामगार होता.

अखेरीस फुटबॉलच्या मैदानाबाहेर सायकलींची रांगच्या रांग लागलेली असते, आणि अंतोनिओ स्वतः एक सायकल पळवण्याचा प्रयत्न करतो. लोक त्याला पकडतात, चापटा मारतात. हे सारे ब्रुनो पाहतो. मुलाकडे पाहून सायकलचा मालक तक्रार करीत नाही. दोघे चालू लागतात. बापाला रडू आवरत नाही. ब्रुनो वर पाहतो आणि त्याचा हात धरतो. गर्दी दोघांना पोटात घेते. इटालियन शीर्षकात 'चोर' हा शब्द अनेकवचनी का आहे, हे येथे उमगते. इंग्रजीत बरीच वर्षे तो एकवचनी करून वापरला गेला. त्या भाषांतराने चित्रपटाचा शेवटच जणू पुसून टाकला.

सायकल सापडली नाही, सोमवारी कामावर कसे जायचे हे ठरलेले नाही. पण या चित्रपटाचा खरा प्रश्न सायकलीचा नव्हताच. दारिद्र्य माणसाची वस्तू हिरावून घेते. मुलाच्या नजरेतली त्याची किंमतही ते हिरावून घेऊ शकते का, असा तो प्रश्न होता. ब्रुनोच्या हाताने त्याला उत्तर दिले आहे. त्या हाताचे पुढे काय होईल, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही.

या शेवटाचे भारतीय चित्रपटाशी असलेले नाते दुहेरी आहे. १९५० साली लंडनच्या मुक्कामात सत्यजित राय यांनी हा चित्रपट पाहिला, आणि 'पथेर पांचाली' (१९५५) कसा करायचा याची दिशा त्यांना तेथे सापडली. १९५२ च्या जानेवारीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, त्यात तो येथील चित्रपटकारांनी पाहिला. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन'वर (१९५३) त्याची छाया स्पष्ट आहे. परंतु बिमलदांचा शेवट हा उसनवारीचा नाही. कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढून शंभू महातो गावी परततो, तोवर जमीन गेलेली असते. तिच्यावर कारखाना उभा राहत असतो. कुंपणाबाहेरून तो मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी त्याला काहीतरी चोरल्याच्या संशयाने हटकतो. शंभू मूठ उघडतो. माती खाली पडते. रोममध्ये बाप खरोखरच चोर झाला होता. येथे मातीचा धनीच चोर ठरतो. बलराज साहनींची ती उघडलेली मूठ आजही धरणे, महामार्ग आणि कारखाने यांच्या कडेला उभ्या असलेल्या कित्येकांची आहे.

थांबलेली चौकट

चलच्चित्राचा शेवट स्थिरचित्राने करणे ही आज रुळलेली क्लृप्ती आहे. फिल्मच्या काळात ती प्रयोगशाळेत साधली जाई. एकच चौकट पुनःपुन्हा मुद्रित करायची. यंत्र नेहमीच्या वेगाने, सेकंदाला चोवीस चौकटी, फिरतच असते, पण प्रत्येक चौकट सारखीच असल्याने प्रेक्षकाला गती थांबल्याचा भास होतो. ही युक्ती फ्रान्स्वा त्रुफोच्या आधीही वापरात होती. 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये (१९५९) तिला अर्थ लाभला.

आंत्वान द्वानेल हा पॅरिसमधला शाळकरी मुलगा. घरी नकोसा, शाळेत उनाड ठरलेला. एक टंकलेखन यंत्र चोरतो, ते विकले जात नाही म्हणून परत ठेवायला जातो, आणि नेमका त्याच वेळी पकडला जातो. सुधारगृहात रवानगी होते. तेथून फुटबॉल खेळता खेळता तो पळतो. कॅमेरा त्याच्याबरोबर पळत राहतो. बराच वेळ केवळ त्याच्या पावलांचा आवाज. अखेर समुद्र लागतो, जो त्याने आयुष्यात कधी पाहिलेला नाही. पाण्यात दोन पावले टाकून तो वळतो, थेट आपल्याकडे पाहतो, आणि चित्र थिजते. चेहरा जवळ येतो.

कथेचा प्रश्न सुटला आहे: मुलगा निसटला, समुद्रापर्यंत पोहोचला. पण पुढे पाणी आहे आणि मागे सुधारगृह. जाण्यासारखी जागाच उरलेली नाही, म्हणून चित्रही पुढे सरकत नाही. संपूर्ण चित्रपटभर त्याच्याकडे मोठी माणसे पाहत आली. शिक्षक, आई, सावत्र बाप, पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ. आता तो पाहतो, आणि त्याच्या समोर आपण असतो. आपणही मोठी माणसेच असतो.

पाचच वर्षांनी राय यांनी 'चारुलता'मध्ये (१९६४) हाच उपाय अगदी वेगळ्या कारणासाठी योजला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'नष्टनीड' या कथेवरचा हा चित्रपट. वृत्तपत्राच्या व्यापात गुंतलेला भूपती, एकाकी पत्नी चारु, आणि तिच्या मनात घर करून गेलेला दीर अमल. सत्य कळल्यावर घर सोडून गेलेला भूपती परत येतो. दारात चारु हात पुढे करते. तोही हात उचलतो. दोन हातांमध्ये थोडेसे अंतर उरते, आणि तेथेच चित्र थांबते. पाठोपाठ दिवा घेतलेला नोकर, दोघांचे चेहरे, अशी स्थिरचित्रे येतात आणि पडद्यावर मूळ कथेचे नाव उमटते, ज्याचा अर्थ 'मोडलेले घरटे'.

हे हात भेटतील का? भेटले तरी घर सांधेल का? राय यांनी हे ठरवून टाकले असते, तर प्रेक्षकांपैकी निम्मे चारुच्या बाजूचे आणि निम्मे भूपतीच्या बाजूचे होऊन घरी गेले असते. अंतर कायम ठेवल्यामुळे दोघांनाही समजून घेण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. त्रुफोची थांबलेली चौकट एका मुलाची कोंडी दाखवते. राय यांची थांबलेली चौकट क्षमेला लागणारा वेळ.

शेवटानंतरचा शेवट

काही चित्रपटकार उत्कर्षबिंदू गाठून झाल्यावर थांबायचे नाकारतात. अकिरा कुरोसावाच्या 'इकिरु'मधला (१९५२) वातानाबे हा नगरपालिकेतला मुरलेला अधिकारी. कर्करोगाने आपले दिवस भरत आल्याचे कळल्यावर तो कधी नव्हे ते जिवंत होतो, आणि डबक्याच्या जागी मुलांसाठी एक बाग व्हावी म्हणून लाल फितीशी झुंजतो. बर्फ पडत असताना बागेतल्या झोपाळ्यावर बसून गाणे गुणगुणणारा वातानाबे ही चित्रपटाच्या इतिहासातल्या अमर प्रतिमांपैकी एक. दुसऱ्या कोणी येथेच 'समाप्त' लिहिले असते.

कुरोसावाची रचना मात्र तिरकस आहे. वातानाबेचा मृत्यू चित्रपट बराच शिल्लक असतानाच होऊन जातो. उरलेल्या भागात सहकारी त्याच्या श्राद्धविधीला जमून दारू पितात, बागेचे श्रेय कोणाचे यावर वाद घालतात, आणि हळूहळू द्रवून आपणही त्याच्यासारखे काम करू अशा आणाभाका घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत सारे पूर्ववत. अर्ज पुन्हा या खिडकीवरून त्या खिडकीवर. एक कारकून संतापून उभा राहतो, सगळ्यांच्या नजरा वळतात, आणि तो मुकाट्याने खाली बसून कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो. संध्याकाळी तोच पुलावरून बागेतल्या मुलांकडे पाहत राहतो. झोपाळ्यावरचा शेवट आपल्याला रडवतो आणि आपण चांगले असल्याची खात्री पटवतो. कचेरीतला शेवट ती खात्री काढून घेतो.

राज्यकारभाराचे हेच न थांबणारे रहाटगाडगे डॉ. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) आहे. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा लिहिली. सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांची अखेर सोय लागते. वेड लागते ते हे सारे जवळून पाहणाऱ्या पत्रकार दिगूला. निळू फुले यांचे ते भान सुटलेले हसणे ऐकताना खुर्ची कोणाला मिळाली, हा कथेचा प्रश्न किती क्षुल्लक होता हे कळते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) हीच जात पुढे नेली. एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या हास्यास्पद आरोपाखाली लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला चालतो. उन्हाळी सुट्टी लागते. कामकाज आटोपते, कर्मचारी एकेक दिवा मालवतो, आणि पडदा अंधारात बुडतो. संपला असेच वाटते. पण नंतर दिवस उजाडतो, आणि न्यायाधीश महाशय कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले दिसतात. गप्पा, जेवण, खेळ. दुपारी ते बाकावर डुलकी घेत असताना मुले त्यांना ओरडून दचकवतात. न्यायाधीश एका पोराच्या कानफटात मारतात, आणि पुन्हा पेंगू लागतात.

खटल्याचा निकाल आपल्याला मिळत नाही. मिळते ती एक चपराक. अंधारात शेवट झाला असता तर 'व्यवस्था' नावाच्या निराकार गोष्टीला दोष देऊन आपण मोकळे झालो असतो. दिवसाउजेडी दिसणारा तो गृहस्थ राक्षस नाही. सुट्टीत भेटणारा कोणीही काका-मामा आहे. न्याय पेंगतो म्हणजे नेमके कोण पेंगते, हे ताम्हाणे दाखवतात, आणि ते माणूस आपल्या ओळखीचे निघते.

शेवट कोणाच्या मालकीचा?

शेवटात एवढे सामर्थ्य असते म्हणूनच त्याच्यावर सर्वांचा डोळा असतो. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'द लास्ट लाफ'मध्ये (१९२४) एका बड्या हॉटेलचा वयोवृद्ध दरवान आपला रुबाबदार गणवेश गमावतो आणि प्रसाधनगृहात सेवक म्हणून खितपत पडतो. या मूकपटात एकच निवेदनाची पाटी आहे. गोष्ट खरे तर येथेच संपायची, पण लेखकाला म्हाताऱ्याची दया आली, अशा आशयाची ती पाटी येते, आणि मग त्याला अचानक घबाड मिळाल्याचा आनंदीआनंद दाखवला जातो. इतक्या उघडपणे जोडलेला सुखान्त हा स्वतःचीच थट्टा करतो. बाजाराला हवे ते देऊनही खरा शेवट कोणता, हे प्रेक्षकाच्या कानात सांगून टाकायची ही एक तऱ्हा.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण 'शोले'चे. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी झळकायचा होता. जूनमध्ये आणीबाणी लागू झालेली. माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हाती घ्यावा, हे सेन्सॉर बोर्डाला रुचले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला: ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण देतात, गब्बरला घेऊन जातात. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे प्रेक्षकांनी पाहिला तो हा शेवट. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन आणि पुनरुज्जीवन केलेली, मूळ शेवट असलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातही प्रदर्शित झाली.

मूळ शेवट पाहताना जाणवते ते निराळेच. गब्बर मेल्यानंतर ठाकूर विजयाने ताठ होत नाही. तो कोसळून रडतो. सूड पूर्ण झाला आणि हाती काही लागले नाही. मेलेली मुले-नातवंडे परत येणार नाहीत, जय परत येणार नाही. कायद्याची बूज राखण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने सूडाची निष्फळता सांगणारा क्षणच कापला गेला. हिंसेचे उदात्तीकरण होईल या भीतीने हिंसेवरचे भाष्य गमवावे लागले, असा हा व्यवहार झाला.

एकाच कथेचे दोन शेवट शेजारी ठेवून पाहण्याची संधी 'सैराट' (२०१६) आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धडक' (२०१८) यांनी दिली. 'सैराट'च्या पूर्वार्धातील गाण्यांवर प्रेक्षक थिएटरात नाचले. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या हैदराबादेत संसार थाटतात, मूल होते, माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा टाकते. हत्या आपल्याला दिसत नाहीत. शेजारीण तान्ह्याला दारात सोडून जाते; ते आत जाते, आई-बाप रक्तात पडलेले पाहते, रडत बाहेर येते. पावलांचे रक्ताळलेले ठसे फरशीवर उमटत जातात. आणि हे सारे निःशब्द: संगीत नाही, रडण्याचा आवाजसुद्धा नाही. ज्या चित्रपटाने आपल्याला गाण्यांनी बांधले, त्याने ऐन वेळी आवाजच काढून घेतला.

'धडक'मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, नायिका वाचते. हत्या तेथेही आहे, हुंदकाही आहे. पण नायिकेचा आक्रोश आपल्या वतीने शोक करून टाकतो. 'सैराट'मध्ये शोक करणारे कोणीच उरत नाही. उरते एक मूल, ज्याला काय घडले ते सांगता येणार नाही. त्याला कोण उचलून घेणार आणि मोठेपणी त्याची जात कोणती लावणार, हे प्रश्न रस्त्यापर्यंत, म्हणजे आपल्यापर्यंत, ठशांसारखे येतात.

दगड कोठे पडतो?

एडविन पोर्टरच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) या बाराएक मिनिटांच्या मूकपटात एक विलक्षण दृश्य आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या कॅमेऱ्याकडे तोंड करून पिस्तूल रोखतो आणि थेट प्रेक्षकांवर झाडतो. एडिसन कंपनीच्या सूचीत चित्रपट दाखवणाऱ्यांना मुभा होती की हे दृश्य आरंभी लावा किंवा अखेरीस. म्हणजे कथेशी त्याचा काही संबंध नव्हता; दचकवणे एवढेच त्याचे काम. जो शेवट सुरुवातीलाही चालतो, तो शेवट नव्हे.

याच्याशी श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'चा (१९७४) शेवट ताडून पाहावा. तेलंगणातील खेडे. तरुण जमीनदार सूर्याने घरकाम करणाऱ्या लक्ष्मीशी संबंध ठेवले आहेत आणि ती गरोदर राहिल्यावर हात झटकले आहेत. तिचा मुकाबहिरा नवरा काम मागायला येतो; स्वतःच्याच अपराधाने भेदरलेला सूर्या त्याला चाबकाने फोडून काढतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. सारे पांगल्यावर एक पोरगा मागे उरतो, दगड उचलतो, जमीनदाराच्या खिडकीची काच फोडतो आणि पळतो. पडदा लाल होतो. दगड लहान, हात लहान. जमीनदारीचे काही बिघडत नाही. पण शीर्षकातला अंकुर कोणता, ते त्या एका फेकीने कळते.

चार दशकांनी नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) पुन्हा एक मुलगा दगड उचलतो. कैकाडी समाजातला जब्या काळ्या चिमणीमागे गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. तिची राख अंगावर टाकली की वर्गातली शालू आपलीशी होईल, असा त्याचा भाबडा समज. अखेरीस गावाच्या आज्ञेवरून त्याच्या कुटुंबाला डुक्कर पकडावे लागते, तेही शाळेशेजारी, सगळ्यांच्या देखत. हसणाऱ्यांत शालूही असते. ऐन पाठलागात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, आणि डुक्कर हाती येण्याच्या बेतात असताना हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, डुक्कर निसटते. नंतर काठीला बांधलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी दिसतात: डॉ. आंबेडकर, जोतिबा आणि सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. टिंगल थांबत नाही. जब्याचा बांध फुटतो. तो दगड भिरकावतो. दगड कॅमेऱ्याच्या दिशेने, पडदा भरून, येतो आणि काळोख होतो.

'अंकुर'मधला दगड जमीनदाराच्या काचेवर पडला होता. आपण तेव्हा मुलाच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे होतो. 'फँड्री'तला दगड आपल्यावर येतो. दीडेक तास आपण जब्याच्या दुःखात सहभागी होतो, त्याच्या फजितीवर अधूनमधून हसलोही होतो. दिग्दर्शक शेवटच्या क्षणी विचारतो, की तू नक्की कोणत्या बाजूला उभा आहेस? पोर्टरच्या पिस्तुलातही तोच कोन आणि तोच नेम होता. तेथे प्रेक्षक दचकून हसला असेल. येथे हसू येत नाही, कारण या दगडामागे संपूर्ण चित्रपटाचे वजन आहे.

काळोखाची काही मिनिटे

या सर्व शेवटांत कोठेही तात्पर्य सांगितलेले नाही. एक हात, एक मूठ, एक चेहरा, एक चपराक, एक ठसा, एक दगड, इतकीच त्यांची सामग्री. ही सामग्री चित्रपटाने आधीच आपल्या ओळखीची करून दिलेली असते. आंत्वानने समुद्र पाहिलेला नाही हे आपल्याला माहीत असते, म्हणून त्याचे पाण्यात उतरणे अंगावर येते. ब्रुनोने त्याच दिवशी बापाच्या हातची थप्पड खाल्लेली असते, म्हणून त्याने तो हात धरणे मोलाचे ठरते. उत्तम शेवट शेवटी लिहिला जात नाही, पहिल्या दृश्यापासून तो पेरलेला असतो.

त्याला मात्र प्रेक्षकाकडून एक गोष्ट लागते, आणि ती सध्या दुर्मीळ होत चालली आहे. घरच्या पडद्यावर, मोबाइलवर चित्रपट पाहताना अखेरची चौकट पुरती विझण्याआधीच श्रेयनामावली कोपऱ्यात आकसते आणि पुढच्या कार्यक्रमाची उलटी गणती सुरू होते. ज्या प्रश्नासाठी दिग्दर्शकाने दोन तास तयारी केली, तो ऐकून घ्यायला आपल्यापाशी दहा सेकंदही उरत नाहीत. पूर्वी 'समाप्त'च्या आधीच उठणारा प्रेक्षक निदान स्वतःच्या पायांनी उठत असे. ती उलटी गणती थांबवण्याची कळ आपल्या हाती असते. काळोखात थोडे बसून राहावे. चित्रपटाचा दुसरा प्रश्न बहुधा तेव्हाच ऐकू येतो.